मांदेलीचा कान

हे घरात कुणाला माहीत नाही. दुकानात माहीत नाही. सोसायटीत तर नाहीच नाही. चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांत चुकूनसुद्धा मी हे तोंडातून बाहेर पडू दिलेलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? ठाऊक नाही. कदाचित तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून.

आधी मी कोण ते सांगतो. तेवढाच थोडा वेळ मिळेल. डोंबिवलीत आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर माझं मेडिकलचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं. लोक मला डॉक्टर म्हणतात. कुणाला ताप आला, कुणाच्या सासूची शुगर वाढली, की आधी माझ्याकडे येतात आणि मग खऱ्या डॉक्टरकडे. 'अहो, मी कुठला डॉक्टर' असं मी म्हणतो, पण ते ज्या सुरात म्हणतो त्यावरून ऐकणाऱ्याला कळतं, की गडी खूश आहे. मला विचारलेलं आवडतं. आणि 'मला हे जमलं नाही' असं म्हणायची वेळ आली, की माझी जीभ टाळूला चिकटते. हे कारण म्हणून सांगत नाही. फक्त सांगतोय.

दुकानासमोर, गेटच्या डाव्या हाताला, सुशीलामावशी मासळी घेऊन बसते. खाडीकाठच्या गावातली कोळीण, माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी. तिच्या पाटीपाशी एक पिवळसर, अंगाने चपटी मांजरी असायची. मावशीने त्या नावाच्या माशावरून तिचं नाव ठेवलं होतं मांदेली. मावशीकडे खायचं आणि माझ्याकडे झोपायचं, असा मांदेलीचा दिनक्रम. दुकानातल्या वजनकाट्यावर ती पसरायची आणि गिऱ्हाईक वजन करायला आलं, की मला तिला उचलून बाजूला ठेवावं लागायचं. माझ्या हाताला तिने कधीच बोचकारलं नाही. हे लक्षात असू द्या.

मांदेलीला दर चार-पाच महिन्यांनी पिल्लं व्हायची. कधी जिन्याखाली, कधी मीटरच्या खोलीत, कधी उभ्या गाडीच्या खाली. त्या वर्षी उन्हाळ्यात तिसऱ्या मजल्यावरच्यांनी गाडी काढली आणि दोन पिल्लं चाकाखाली आली. खाली पोरं खेळत होती, त्यांनी पाहिलं. झालं, सोसायटीची मीटिंग बसली. कुणी म्हणालं, सगळ्या मांजरी पोत्यात भरा आणि खडवलीला नदीकाठी सोडून या. मावशी काही सोसायटीची सभासद नाही, पण ती दाराबाहेर उभी राहून ऐकत होती आणि आतल्यांना ऐकू जाईल अशा शिव्या घालत होती.

तेव्हा दुसऱ्या मजल्यावरची सायली बोलली. ही बँकेत आहे आणि सुट्टीच्या दिवशी भटक्या मांजरींचं काम करणाऱ्या लोकांबरोबर फिरते. तिने सांगितलं, पकडायचं, ऑपरेशन करून गर्भाशय काढायचं, पाच दिवस ठेवायचं आणि जिथून उचललं तिथेच परत सोडायचं. पिल्लांचा प्रश्न कायमचा मिटतो. आणि मांजर बेशुद्ध असतानाच कानाचं टोक जरासं कापतात, म्हणजे दुरूनही कळतं की हिचं झालंय, हिला परत पकडू नका.

सगळ्यांना पटलं. मावशीला पटेना. "मुक्या जिवाचं पोट फाडाचं? मना नाय पटत," म्हणाली. तिला समजावायला अर्थात मला पाठवलं. मी गेलो, पाटीपाशी उकिडवा बसलो आणि म्हणालो, मावशी, मी आहे ना. मी स्वतः पाठवतो, स्वतः परत आणतो, काही झालं तर मला विचार.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू बोलतंस ना दादा? मंग ने."

माझ्या शब्दावर तिने मांजरी दिली. बाकी कुणाच्याही शब्दावर दिली नसती.

मांजरी न्यायला सायलीच्या लोकांची गाडी रविवारी सकाळी येणार होती. मला एकच काम होतं — मांदेलीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवायचं. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं, हे मला सायलीने सांगायची गरज होती का? हे मी लोकांना सांगतो! आणि तरी सकाळी शटर उघडलं, मांदेली पायात घुटमळली आणि माझ्या हाताने रोजच्यासारखी दुधाची वाटी खाली ठेवली. लक्षात आलं तेव्हा ती मिशा चाटत होती. सायलीनेही ते पाहिलं. "काका, एवढं साधं सांगितलेलं! तुम्ही तर मेडिकलवाले ना?" गाडीतले दोघं हसले. आमचे सेक्रेटरीही हसले.

यात एवढं काय होतं? काही नव्हतं. पुढची पाळी महिन्याने मिळणार होती, मी थांबायला हवं होतं. पण माझे कान तापले होते. मी सगळ्यांदेखत म्हणालो, पाळीबिळी काही नको, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत, मी करून आणतो.

माझ्या ओळखीचा कुणीही असा डॉक्टर नव्हता. शोधला असता तर मिळाला असता. मी शोधला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत दिवस गेले. सेक्रेटरी येता-जाता विचारायचे, "काय डॉक्टर, झालं का ऑपरेशन?" आणि हसायचे. मग श्रावण लागला. श्रावणात आमच्याकडे मासळी कोण घेणार? मावशी दरवर्षी श्रावणापासून गणपती जाईपर्यंत बसत नाही. जाताना मांदेलीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "माझे पोरीला बघ."

मावशी समोर नव्हती. आता —

आता सांगायलाच हवं.

मी मांदेलीला दुकानामागच्या स्टॉकच्या खोलीत ठेवलं. पाच दिवस. लोकांना सांगितलं, दवाखान्यात आहे. पहिल्या दिवशी दुपारी दुकान बंद असताना मी बधिर करायचं मलम, कात्री आणि टॉवेल घेऊन आत गेलो. ती माझ्या मांडीवर आली. टॉवेल गुंडाळेपर्यंत घुरघुरत होती. मलमाने कितीसं बधिर होणार? थोडं थांबायला हवं होतं, तेवढाही मी थांबलो नाही. मला ते लवकर उरकायचं होतं. डाव्या कानाचं टोक मी कापलं. ती ओरडली तो आवाज मी सांगू शकत नाही. रक्त मला वाटलं होतं त्याहून जास्त आलं. तरीसुद्धा तिने मला बोचकारलं नाही. टॉवेल सोडल्यावर खोक्यांच्या मागे जाऊन बसली, आणि संध्याकाळी मी दूध घेऊन गेलो तेव्हा बाहेर आली.

ऑपरेशन न करता ऑपरेशनची खूण केली. पण खुणेने पिल्लं थोडीच थांबतात? त्याचाही विचार मी केला होता. मूल राहू नये म्हणून बायकांसाठी गोळ्या असतात, माझ्या कपाटात दुसऱ्या खणात. मांजरींनाही चालतात असं कुठेसं ऐकलं होतं. ऐकलं होतं — वाचलं नव्हतं, कुणाला विचारलं नव्हतं. मी, जो चिठ्ठीशिवाय कुणाला साधं अँटिबायोटिक देत नाही!

गणपती गेले आणि मावशी परत बसली. तिने मांदेलीचा कान पाहिला, बोटाने चाचपला आणि मला हात जोडले. खरंच जोडले. त्यानंतर दर बुधवारी मी तिच्याकडून बोंबलाचं एक डोकं मागून घ्यायचो, आत जाऊन त्यात अर्धी गोळी दाबायचो आणि मांदेलीला भरवायचो. मावशीला केवढं कौतुक! गिऱ्हाइकांना सांगायची, बामन हाय पन मांजरासाठी मासलीला हात लावतो.

सहा महिने पिल्लं झाली नाहीत. सोसायटी खूश होती. मध्ये सायलीची गाडी दोनदा येऊन गेली, उरलेल्या मांजरी घेऊन गेली. दोन्ही वेळा मांदेली समोर बसली होती. तिचा कान पाहून त्यांनी तिला सोडलं.

मग थंडीच्या शेवटी ती खाईनाशी झाली. नुसतं पाणी पीत राहायची. पोट फुगलं. वजनकाट्यावरही चढेना. मावशीने पाटी शेजारच्या भाजीवालीच्या हवाली केली, मांदेलीला पदरात गुंडाळलं, आणि आम्ही दोघं रिक्षाने जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टर होते, हात हलका होता. त्यांनी पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला. मग कान पाहिला.

"हिचं ऑपरेशन झालंय ना?"

मावशीच उत्तरली. "झालं. या दादांनीच केलानी."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "नक्की ना? कारण झालं नसतं, तर मी म्हटलं असतं गर्भाशयात पू झालाय. मग आत्ताच्या आत्ता पोट उघडावं लागलं असतं."

त्या क्षणी मला सगळं कळलं. काय झालंय, माझ्या गोळ्यांनीच झालंय, आणि काय केलं तर ती वाचेल. टेबलाच्या पलीकडे डॉक्टर, अलीकडे मावशी, मध्ये मांदेली. एक शब्द पुरला असता. फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. ती माझ्याकडे किती विश्वासाने बघत होती, हे मी आजही डोळे मिटून सांगू शकतो.

"हो," मी म्हणालो. "श्रावणात झालं."

डॉक्टरांनी मान हलवली. मग विचारलं, खायला काय देता?

"मासली," मावशी म्हणाली. "मीच देते."

शिळं काहीतरी पोटात गेलं असेल, ते म्हणाले. सलाईन लावलं, औषधं लिहून दिली. ती चिठ्ठी घेऊन आम्ही माझ्याच दुकानात आलो. मी ती औषधं कपाटातून काढली आणि कशी द्यायची ते मावशीला समजावलं. उपयोग नाही हे माहीत असलेली औषधं, माझ्या हाताने. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना फोन करता आला असता. दुपारी करता आला असता. मला अजून वेळ आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी मावशीच्या पाटीशेजारी, गोणपाटावर, मांदेली गेली.

मावशी रडली नाही. म्हणाली, "माझे हातनं मेली." पुन्हा पुन्हा तेच. मी शेजारी उभा होतो. म्हणालो, मावशी, असं नको म्हणू, जनावराचं काय सांगता येतं. असं म्हणालो मी!

त्या दिवसापासून ती कुठल्याही मांजरीला काही घालत नाही. डोकी, आतडी सगळं पिशवीत बांधते आणि घरी जाताना खाडीत टाकते. मांजर पाटीजवळ आलं, तर पाणी शिंपडून हाकलते. गिऱ्हाईक म्हणालं, की मावशी, एक डोकं टाक की बिचाऱ्याला, तर सांगते, "नको, माझे हाताला पाप हाय."

मागच्या महिन्यात सायली एका नव्या मांजरीला पिंजऱ्यात घालत होती. मांजरी बिथरली होती, आवरेना. मावशी पाटीवरून उठली आणि सायलीला म्हणाली, पिंजरा दादांच्या हाती दे, त्यांच्या हाताला गुण हाय, माझे मांदेलीचं त्यांनीच नीट केलेलं, मागून मीच घान केली. सायलीने पिंजरा माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि गाडीपर्यंत नेऊन ठेवला. परत येताना मावशीच्या समोरून आलो. काउंटरमागे जाऊन उभा राहिलो.

आजही ती तिथेच बसली आहे. माझ्या काउंटरपासून तीस पावलांवर. सकाळपासून तीनदा आमची नजरानजर झाली.

कान मी कापला. गोळ्या मी दिल्या. डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी हो म्हणालो. मावशीची मासळी ताजी होती.