मागूरखालाचा वाण

मागूरखालाच्या घरी पाहुण्याच्या ताटात मोठा मासा कधी पडला नाही. डोणगावात आमच्या कपाशीला लागून तिचं शेततळं होतं, आणि त्यात देशी मागूर, बिनखवल्यांचा मिशाळ मासा. बारके बाजारात जात, त्याहून बारके आमच्यासारख्यांच्या रश्श्यात. भराभर वाढलेले, दुखण्याला दाद न देणारे तेवढे ती पिलांसाठी राखी. बाकीचे लोक नेमकं उलटं करत. मोठा दिसला की विकत, आणि मासा दरसाल लहान का होतो म्हणून कपाळाला हात लावत.

आमच्या वडिलांना ती फार छळायची. बीटी कपाशीच्या बियाण्याची पाकिटं दर हंगामाला नवी आणावी लागत, वर फवारणीही सुटली नव्हती. गुलाबी अळी परत आली तेव्हा तर वडील कोणाशी धड बोलेनासे झाले. खाला बांधावरून म्हणायची, "भाऊ, तुमचं बी दुकानात, माहं बी माह्या तळ्यात." निवडत निवडत घडवलेल्या त्या वाणाचा तिला भारी तोरा होता.

घरातल्या घरात सोयरीक नको म्हणून नर मात्र ती जळगाव जामोदकडून आणायची आणि त्याला जावई म्हणायची. मादीला सुई टोचून अंडी पिळून घेता येतात, नराचं वीर्य काढायला मात्र त्याचं पोट चिरावंच लागतं. ते काम ती दुसऱ्या कोणाला करू देत नसे. जावयाची ही खातिरदारी बघून गावानं तिची पुष्कळ थट्टा केली. तीही हसायची.

मग एक उन्हाळा फारच कोरडा गेला. तळं आटलं, मासे विकून टाकावे लागले. सगळ्यात चांगली एक मादी तेवढी तिनं अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात ठेवली. पूर्वी पिलं नेलेल्यांकडे विचारून पाहिलं, तर त्यांनी मोठे मासे केव्हाच विकले होते. वाण आता त्या एका मादीतच उरला होता. पाऊस पडला की अंडी घ्यायची, असं ठरलं होतं. तेवढ्यात खालाच तापानं अंथरुणाला खिळली.

आमच्याकडे आजाऱ्याला मागुराचा रस्सा देतात, अंगात ताकद येते म्हणून. खालाच्या मुलाचं लग्न नुकतंच झालेलं, नव्या सुनेला, शबानाला, टाक्यातल्या माशाचं काय माहीत? सासू अन्नाला शिवत नाही हे बघून तिनं ती मादी कापली. मी तब्येत विचारायला गेलो तेव्हा वाडगा समोर होता. एवढा जाड तुकडा त्या घरात मी कधी पाहिला नव्हता. खालानं तुकड्याकडे पाहिलं, मग अंगणाकडे, आणि सावकाश सगळा रस्सा संपवला. चांगला झाला बेटी, म्हणाली.

शबाना वाडगा घेऊन आत गेली. खालानं मला जवळ बोलावलं.

"तिले सांगू नको बाबू. तिनं मले पाह्यलं, मासा नाही पाह्यला."

पावसाआधीच खाला गेली. शबाना अजून येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं सांगते, सासूनं शेवटचं पोटभर खाल्लं ते माझ्या हातचं. तिचा नवरा आणि मी, आम्ही दोघंही हो म्हणतो.