खाडीतल्या पाणमांजरांचा फोटो

बोईसरच्या घरात खंडेराव पवारांनी भिंतीवर एक जुना फोटो लावलाय. अर्धा पाण्याचा, उरलेला अर्धा आणखी पाण्याचा. "यात आहे तरी काय?" असं पाहुण्यानं विचारायचा अवकाश, म्हातारबांची कळी खुलते.

ते साल १९६६. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि खंडेराव तिथे फिटर म्हणून लागले होते. माणदेशातला गडी, पोहऱ्यात चिखल येईपर्यंत विहीर खरवडणाऱ्या घरातला. चिंचणीच्या खाडीत जाळं लावणाऱ्या भिकाकडून त्यांनी पाणमांजरांच्या गोष्टी ऐकल्या आणि सुट्टीत गावी जाऊन सांगितल्या. वडील, म्हणजे आबा, अंथरुणाला खिळलेले. तरी हसले. "मांजर आन् पान्यात? बापाला शेंडी लावतोस व्हय?"

ते खंडेरावांना फार लागलं. फोटोच आणून दाखवतो, म्हणाले. आबांची तब्येत बघता फार सवड नव्हती.

मित्राचा बॉक्स कॅमेरा मागून आणला. दर रविवारी सहाच्या भोंग्याला खाडीवर हजर, आठला परत. सात रविवार गेले, पाणमांजराची मिशीही दिसली नाही. भिका जाळं आवरता आवरता गालातल्या गालात हसायचा. आठव्या रविवारी त्यालाच दया आली.

"भाऊ, भोंग्यावर तुमचं काम चालतं, उदाचं नाय." पाणमांजराला तिकडे ऊदच म्हणतात. "आज अष्टमी हाय. सहाला भरती भरली. आता पाणी उतरंल, मासा माज्या जाल्याशी अडकंल, तवा येतील ते. बसा गप."

"मग आधी का नाही बोललास?"

"तुमी कुटं इचारलात? सारका घड्याळ बगत होतात!"

खंडेरावांनी कपाळावर हात मारला. तिथीवर चालणारं पाणी माणदेशात त्यांनी पाहिलं होतं कुठे!

नऊच्या सुमारास आली. आई आणि दोन पिल्लं. मासा पुढच्या पायांत धरून काकडी खावी तशी कुरुमकुरुम खात होती. खंडेराव नुसते बघत राहिले, इतके की कॅमेऱ्याची आठवण भिकाला कोपर मारून द्यावी लागली. खटका वाजला आणि तिघंही बुडाली.

फोटो धुऊन आला. खाडी, जाळ्याचे खांब आणि पाण्यावर तीन वर्तुळं. तोच घेऊन खंडेराव ओशाळून गावी गेले.

"आबा, मांजरं बुडाली. एवढंच आलं."

आबांनी फोटो डोळ्यांशी धरला तो खाली ठेवेचनात.

"मांजरं ऱ्हाऊ देत रं. एवढं पानी? तितल्या इहिरी काय भरल्या आसतील!"

"तुडुंब, आबा," खंडेराव म्हणाले.

तो फोटो शेवटपर्यंत आबांच्या उशाशी होता. येईल त्याला दाखवून सांगायचे, पोरगं पाण्याच्या गावाला आहे. खाडीचं पाणी खारं असतं, हे खंडेरावांनी त्यांना कधी सांगितलं नाही.