पाठमोरी घोडी

माझ्याशी घासाघीस करून जिंकलेला माणूस भद्रावतीच्या बाजारात सापडायचा नाही. ऑटो चालवून, पोटाला चिमटा काढून मी घोडी घेतली आणि तिच्या पाठीवर दोन जिल्ह्यांचे नवरदेव मिरवले. पण धानोऱ्याकडच्या एका लग्नात नवरदेवाच्या मामानं मला हरवलं. ते अजून गळ्याखाली उतरत नाही.

घोडी पिकअपमध्ये उभी करायची माझी रीत ठरलेली होती. तिचं तोंड मागच्या फाळक्याकडे, मागचा पुठ्ठा केबिनकडे आणि मध्ये भाताच्या तणसानं भरलेली पोती. ब्रेक लागला की ती पोत्यांवर रेलायची आणि सावरायची. पायाखाली वाळू. दोर इतका सैल, की मान खाली नेता यावी. मान अडकली की घोड्याचा तोल जातो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मागच्या काचेतून तिच्याकडे बघत बघत समजलं होतं.

त्या लग्नाच्या दिवशी गाडी नवरदेवाकडची, ड्रायव्हर त्यांचा. घोडी चढवताना मामानं हात आडवा केला.

"पाठमोरी घोडी आमच्या शिवेत येत नाई भाऊ. नवरदेव का उलटा बसन?"

मी म्हटलं, शिवेजवळ उतरवून फिरवून घेऊ. नाही. माझ्या दारातून निघेल तशीच ती शिवेत शिरली पाहिजे. वर कपाळावरचा तुरा चुरगळू नये म्हणून दोर आखूड बांधायला लावला. मी भांडलो, आवाज चढवला, नेत नाही म्हणालो. तो शांतपणे म्हणाला, घरी हळद लागली आहे, आता दुसरी घोडी कुठून आणू? तिथं मी अडकलो.

गडचिरोली सोडल्यावर जंगलातल्या एका वळणावर तेंदूपत्त्याचे भारे लादलेली सायकल समोर आली. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला. माझ्या पाठीमागे केबिनवर धडक बसली, मग खुरांचा खडखडाट.

मी मागे चढलो तेव्हा ती पुढचे गुडघे मोडून पडली होती आणि मान दोराला टांगलेली. गाठ तिच्याच वजनानं आवळलेली. ती डोळे पांढरे करून माझ्याकडे बघत होती आणि माझ्या बोटांना गाठ सुटत नव्हती. शेवटी सायकलवाल्याजवळ विळा निघाला. दोर कापला तशी ती धडपडत उठली. एका गुडघ्याची कातडी सोलून लोंबत होती.

रक्त थांबावं म्हणून आम्ही तिला खाली उतरवलं. मी माझा दुपट्टा बांधत होतो. मामा वाकून बघत म्हणाला, "वरातीपुरती त चालन ना?"

शिव्या ओठांवर आल्या होत्या. पण मोबाईलला रेंज नव्हती आणि त्या रस्त्यावर गाडी होती ती त्याचीच. मी हात जोडले. "मामा, आता तरी पाठमोरी उभी करू द्या. गडचिरोलीले डॉक्टरकडं नेऊ."

त्यानं लगेच मान हलवली. त्या दिवशी पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं. पण घोडीनं ऐकलं नाही. फाळका पडल्याचा आवाज झाला की ती थरथरत मागे सरायची. आम्ही ओढलं, ढकललं, चुचकारलं. ऊन उतरायला लागलं तसा मामा घड्याळ बघू लागला आणि मग गाडी घेऊन निघून गेला. लंगडत्या घोडीला मी पायीच, उलट्या वाटेनं गडचिरोलीकडे नेलं.

नवरदेव मोटरसायकलवर मिरवला म्हणे. त्या गावात अजून सांगतात, घोडीच खोडीची होती. मामा हे लग्नालग्नांत सांगत फिरतो आणि मी कुणाकुणाचं तोंड धरणार?

गुडघा भरून आला आहे. गावातल्या गावात ती छान चालते. पण लांबच्या लग्नाची सुपारी आली की भाड्याची पिकअप दारात लावून घेतो, वाळू टाकतो, पोती रचतो, हातावर गूळ धरतो. ती मान लांबवते, जिथवर पोचेल तिथवर गूळ चाटते. पाय जागचे हलत नाहीत. बाजारातल्या व्यापाऱ्याला दोन शब्द जास्त सुनावता येतात; हिला काय सुनावू?

गूळ संपतो. मी फाळका लावून घेतो आणि ड्रायव्हरला जायला सांगतो.