आप्पांच्या अँबॅसिडरचा कोंडलेला श्वास

आमच्या घरच्या गाडीचा श्वास कोंडला, तेव्हा मी 'मोकळा श्वास, सर्वांचा श्वास!' या मथळ्याचं पत्रक वाटत होतो.

हा योगायोग मी आजवर कोणत्याही पत्रकात नमूद केलेला नाही.

पत्रक एका कारखान्याच्या धुराड्याविरुद्ध होतं. मजकूर माझा, घोषणा माझ्या, आणि उद्गारचिन्हं इतकी, की छापणाऱ्यानं गंभीरपणे विचारलं, "दादा, कागदाला एवढे खिळे कशापायी ठोकलेत?" त्यातली सर्वांत गाजलेली ओळ होती: 'धूर जिथून निघतो, ते तोंड बंद करा!' ही ओळ लक्षात ठेवा. कारखान्याचं तिनं काहीही बिघडवलं नाही. जे बिघडवलं ते आमचंच.

गाडी आप्पांची. आप्पा म्हणजे माझे आजोबा, आणि गाडी म्हणजे पांढरी अँबॅसिडर. कवठे येमाईच्या आमच्या वस्तीवरची प्रत्येक लेक सासरी गेली ती याच गाडीतून, आणि चाक आप्पांच्याच हातात. आता पाळी माझ्या धाकट्या बहिणीची, ऋतूची. तिचं दौंड तालुक्यात, खुटबावला जमलं होतं. आमच्या तात्यांनी, म्हणजे चुलत्यांनी, नवऱ्या मुलीसाठी मित्राची काळ्या काचांची मोठी गाडी ठरवली. ऋतू म्हणाली, "त्या गाडीत बसून जायला मी काय आमदार हाय का? मी आप्पांच्याच गाडीतनं जाणार. न्हाईतर जातच न्हाई!"

त्या दिवशी आप्पांनी गाडी दोनदा धुतली.

माझा या कथेत प्रवेश होतो तो खंडेनवमीला. आमच्याकडे त्या दिवशी विळा, कोयता, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, सगळ्यांची पूजा होते. अँबॅसिडरची सर्वांत शेवटी आणि सर्वांत मोठी. आईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि पुढच्या बंपरला लिंबू-मिरची बांधली. मी ती जागच्या जागी तोडली. तोडून थांबलो असतो तर तो मी नसतो. मी गाडीच्या बंपरवर एक पाय ठेवून भाषण केलं. विज्ञान, विवेक, भयमुक्त समाज! (श्रोते: आई, आप्पा आणि एक शेळी. शेळी मिरच्या खाऊन गेली.)

"लग्नाची गाडी हाय, पंक्या," आई म्हणाली. "धा जणांची नजर लागती."

"नजर लागत नसते, आई! या घरातल्या गाडीच्या पुढं लिंबू दिसता कामा नये!"

"बरं. पुढं दिसणार न्हाई," आई म्हणाली, आणि लिंबू पदराखाली घेऊन निघून गेली. चळवळीचा पहिला विजय म्हणून मी तो प्रसंग बैठकीत सांगितला.

महिनाभरात इंजिनावर जिथून तेल ओततात, त्या झाकणातून वाफ यायला लागली. बारीक, निळसर, तेलकट. मी बॉनेट उघडून पाहिलं आणि माझी छाती अभिमानानं भरून आली, कारण उपाय माझ्या पत्रकातच होता. शिरूरला जाऊन मी घट्ट बसणारं नवं झाकण आणलं, खाली रबराची जाड चकती घातली आणि ते असं आवळलं की आप्पांना पुढे पान्हा लावावा लागला. झाकणातली वाफ थांबली! धूर जिथून निघत होता, ते तोंड मी बंद केलं होतं.

मग गाडी मागून धूर सोडायला लागली.

साधा धूर नव्हे. निळा, जड, लोळ उठवणारा. आप्पा शेताकडे निघाले की मागची वस्ती दिसेनाशी व्हायची. तेल तर असं कमी व्हायचं, जणू तळाला भोक आहे. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मी गावच्या पारावर धुराविरुद्ध सभा घेतली. भाषण रंगात आलेलं असताना आप्पा रस्त्यानं गेले. धूर विरल्यावर पाहिलं तर निम्मे श्रोते हसत होते आणि निम्मे खोकत होते.

"नेते, कारखाना ऱ्हाऊ द्या, आधी आजोबांना निवेदन द्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

आता प्रश्न तत्त्वाचा झाला. मी निदानाला लागलो. धूर काळा असेल तर पेट्रोल जास्त जळतंय, पांढरा राहिला तर पाणी शिरतंय, निळा असेल तर तेल जळतंय, एवढं मी वाचून काढलं. निळा धूर म्हणजे तेल. तेल जळतंय म्हणजे तेलच वाईट. तेल वाईट म्हणजे भेसळ. भेसळ म्हणजे नफेखोरी! मी रात्रीत 'तेलातील लुटारूंनो, जबाब द्या!' हे पत्रक लिहिलं. ज्या दुकानातून आप्पा तेल आणत, त्या दुकानदारानं ते शांतपणे वाचलं आणि म्हणाला, "त्याच डब्यातलं तेल तुमच्या ट्रॅक्टरात हाय. त्यो का धूर सोडंना?"

ट्रॅक्टर माझ्या पत्रकात नव्हता.

मग शिरूरचे दिलावर मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडताच आई लगबगीनं चहा घेऊन गेली आणि बराच वेळ त्यांच्या कानाशी काहीतरी बोलत उभी राहिली. (मला वाटलं, साखर विचारत असेल.) मिस्त्रींनी पहिल्याच दमात निकाल दिला. "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उतरवून बोअर करावं लागंल. लगीन काय गाठत न्हाई आता." मग त्यांनी खात्रीसाठी चारी सिलिंडरचा दाब मोजला आणि मीटरकडे बघत राहिले.

"काय झालं?" आप्पांनी विचारलं.

"दाब झकास हाय, आप्पा. तरण्या पोरावानी."

"मग रिंगा गेल्या कशा?"

"गेल्या न्हाईत, तेच तर कळंना!" मिस्त्री म्हणाले. त्यांनी व्हॉल्व्हचे सील बदलले. धूर तसाच. त्यांनी प्लग धुतले. धूर तसाच. शेवटी ते म्हणाले, "गाडीचं वय झालं," आणि आमच्याच चुलीपुढे बसून जेवून गेले.

तात्यांनी ही संधी साधली. "आप्पा, आता बास. भंगारवाला तयार हाय. लग्नात वऱ्हाड खोकत बसवायचं का?"

आप्पा म्हणाले, "विहीणबाईंची मानाची साडी घेऊन खुटबावला जायाचं हाय. याच गाडीनं जातो. धड गेली आन् धड आली, तर पोरगी तिच्यातनं जाईल. इज्जत काढली, तर आल्या-आल्या तूच भंगारवाल्याला फोन लाव."

ऋतू आत निघून गेली. तिला रडताना मी फार कमी वेळा पाहिलं आहे, आणि त्या दिवशीही तिनं पाहू दिलं नाही.

आम्ही निघालो. चाकावर आप्पा, शेजारी मी, मागं मानाच्या साडीचं ताट मांडीवर घेतलेली आई. शिरूरपर्यंत ठीक. न्हावऱ्याच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकलो आणि गाडी कण्हू लागली. पारगावच्या पुलावर तर असा धूर झाला की मागचा मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत पुढे आला, काचेजवळ तोंड आणून म्हणाला, "बाबा, पेटलीय गाडी! उतरा!"

"पेटली न्हाई," आप्पा समोर बघत म्हणाले. "जुनी हाय."

मी त्यांच्याकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे घोषणा नव्हती.

खुटबावला विहीणबाईंच्या अंगणात शिरलो ते आम्ही धुरातूनच. त्यांचं घर, गोठा, तुळस, सगळं निळं झालं. पंचवीस-तीस पाहुणे ओट्यावर उभे. आप्पा उतरले आणि कुणाकडेही न बघता पाय धुवायला गेले. इंजिन चालूच होतं, कारण बंद केलं तर परत सुरू होईल याची खात्री नव्हती. कुणीतरी बोलायला हवं होतं. ते मी असतो.

मी बॉनेट उघडलं आणि जमलेल्यांना म्हणालो, "घाबरू नका! हे केवळ यांत्रिक कारण आहे. याकडे शास्त्रीय नजरेनं पाहायला हवं!" असं म्हणून मी शास्त्रीय नजर इंजिनाजवळ नेली. त्याच क्षणी तेल मोजायची सळई आतून कुणी फेकावी तशी फटकन वर उडाली आणि मागोमाग गरम तेलाचा शिडकावा माझ्या खादीच्या सदऱ्यावर, चष्म्यावर आणि उघड्या तोंडात झाला.

विहीणबाई पुढं आल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. त्या वाकून इंजिनाच्या कडेला, खाली, बघत होत्या.

"अगं बया! ह्या नळीच्या तोंडाला काय बांधलंय?"

मी चष्मा पुसला. इंजिनाच्या बाजूनं खाली उतरणारी एक नळी होती. तिच्या उघड्या तोंडात लिंबू गच्च खुपसून काळ्या दोऱ्यानं करकचून आवळलं होतं. वर बिब्बासुद्धा होता. उष्णतेनं ते लिंबू वाळून बुचासारखं टणक झालं होतं.

मी हळूच मागं वळलो. आई मानाच्या ताटाकडे फार लक्ष देऊन बघत होती.

"आई?"

"तूच म्हणालास, पुढं दिसाया नको," आई म्हणाली. "म्हणून आत बांधलं. दर शनवारी नवं बांधती. आन् मिस्त्रींना सांगितलं हुतं, त्याला हात लावू नका म्हणून."

विहीणबाईंनी विळ्यानं दोरा कापला आणि लिंबू ओढून काढलं. नळीतून 'हुऽऽश्श' करून एवढा मोठा सुस्कारा बाहेर पडला की गोठ्यातली म्हैस दचकली. आप्पा धावत आले. त्यांनी नळीकडे पाहिलं, मग माझ्या घट्ट झाकणाकडे, आणि त्यांना सगळं उमगलं. इंजिनात पिस्टनच्या कडेनं थोडी हवा खाली झिरपतेच. तिला बाहेर पडायला दोन वाटा होत्या, ही नळी आणि ते झाकण. वाट मिळाली नाही की ती हवा तेलाला ढकलते. ते तेल वर चढून जळतं, आणि उरलेलं माझ्या तोंडात येतं.

"म्हंजी नाक पंक्याच्या आईनं दाबलं," आप्पा म्हणाले, "आन् तोंड आमच्या पुढाऱ्यानं. गाडीनं जीव द्यायचा तेवढा राहिला बघा!"

ओट्यावरचे सगळे हसले. आप्पाही हसले, धूर सुरू झाल्यापासून पहिल्यांदा. फक्त विहीणबाई गंभीर राहिल्या. आईचा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुम्ही बरूबरच केलं. लिंबू हुतं म्हणून एवढ्यावर निभावलं."

यावर मला भाषण करायचं होतं. पण तोंडात तेल होतं.

मी झाकण सैल केलं. परतीच्या वाटेवर पारगावच्या पुलावर धूर हळूहळू विरत गेला, आणि न्हावऱ्याला चहासाठी थांबलो तेव्हा मागं नुसती हवा होती. दिलावर मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "मला दिसलं हुतं की! पर तुमच्या आईनं बजावल्यावर मी कोण हात लावणारा?"

ऋतू अँबॅसिडरमधूनच सासरी गेली. चाकावर आप्पा. पाठवणीला वस्ती रडली ती दुःखानं, धुरानं नव्हे.

तेव्हापासून दर शनिवारी लिंबू-मिरची मीच आणतो आणि पुढच्या बंपरला, सगळ्यांना दिसेल अशी, स्वतःच्या हातानं बांधतो. जागा बदलू नये म्हणून दोरा दोनदा तपासतो. चळवळीतले मित्र छद्मी हसून विचारतात, "काय कॉम्रेड, हे काय?" मी ताठ मानेनं सांगतो, "इंजिनाला मोकळा श्वास घेता यावा म्हणून."

आणि माझं दुर्दैव असं, की हे शास्त्रीयदृष्ट्या संपूर्ण खरं आहे!