सुलामावशींवरचा दोषारोप

सुलामावशी कोर्टात आल्या की बाकावर बसत नसत. "आरोपी बसलीय म्हनून लोक बोट दावत्यात," असं म्हणत भिंतीशी उभ्या राहत.

मी तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंग करतो. मावशी वराळ्याच्या, जवळच्याच एका शाळेत खिचडी शिजवायच्या. कोठीतली तांदळाची पोती गायब झाली आणि मुख्याध्यापकांनी मावशींचं नाव दिलं, कारण किल्ली त्यांच्याकडे होती. दुसरी किल्ली मुख्याध्यापकांकडेच असायची, हे कुणी लिहून घेतलं नाही.

पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं. त्याची प्रत माझ्या टेबलावर ठेवून मावशींनी विचारलं, "ह्यात दोष लिवलाय. मंग निकाल लागला का?"

"नाही मावशी. दोषारोप म्हणजे नुसता आरोप. सिद्ध होईपर्यंत तुम्ही निर्दोषच."

"ह्ये गावाला सांगशील?"

मी हसलो. सांगायला काही गेलो नाही.

गावाने त्या शब्दातला 'दोष' तेवढा वाचला. मावशींचं काम गेलं. लेकीची जमत आलेली सोयरीक मोडली. मुलाचे वडील म्हणाले, पोलीस उगाच लिहीत नाहीत. कोर्टात दोषारोप वाचून दाखवल्यावर न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? वकिलाने 'नाही' एवढंच म्हणायला शिकवलं होतं. मावशी म्हणाल्या, "न्हाई. आन् मला बी इचारायचंय, कुनी पाह्यलं?"

कुणीच पाहिलं नव्हतं. हे ठरायला सात वर्षं लागली. मावशी निर्दोष सुटल्या.

निकालाची प्रत हातात पडताच त्या शाळेत गेल्या. मुख्याध्यापक आता नवे होते. ते म्हणाले, "याचा अर्थ पुरावा मिळाला नाही, एवढाच."

परत येऊन मावशी माझ्यावरच चिडल्या. "आरोप केला तवा लगेच खरा झाला. सुटले, तर त्ये बी खोटं व्हय? कसला अर्थ सांगतूस रं तू?"

मागच्या वर्षी वलवणच्या एका बंगल्यात त्यांना स्वयंपाकाचं काम मिळत होतं. मालकांनी दिलेला फॉर्म भरायला त्या माझ्याकडे आल्या. नाव, गाव, वय. मग प्रश्न होता, 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय?' दोषी ठरलात का, असं विचारलंच नव्हतं. पुढे दोन चौकटी, होय आणि नाही. निकाल लिहायला जागा नव्हती.

"खरं आसंल त्ये लिव," मावशी म्हणाल्या.

मी 'होय'वर खूण केली.

मावशींनी त्या खुणेवर बोट ठेवलं. "म्हंजे तू बी त्येच लिवलंस," म्हणाल्या आणि खाली सही केली.

ते काम त्यांना मिळालं नाही. त्यानंतर त्या माझ्या टेबलाशी कधी आल्या नाहीत.