आधी अपात्रांची फाईल

माझ्या प्रबंधातून मी बंगळुरातल्या बहुतेक बायका वगळल्या होत्या. मुद्दाम नव्हे, मुद्दाम करायला थोडा तरी विचार लागतो.

आपत्कालीन विभागात मी एमडी करत होतो. छातीत दुखतंय म्हणून आलेल्याचा ईसीजी किती मिनिटांत निघतो, हा विषय. प्रश्नावली इंग्रजी आणि हिंदीत. ज्याला भाषा कळेना, किंवा जो 'छातीत दुखतंय' सोडून दुसरंच काही सांगे, त्याचा फॉर्म 'अपात्र' फाईलमध्ये. उरले ते एचएसआर लेआउटमधले आयटीवाले, माझ्याच वयाचे आणि माझ्याइतकेच घाबरट. निष्कर्ष तयार होता: बायकांना हा त्रास क्वचित होतो आणि आमच्या विभागाचं काम झकास आहे.

मार्गदर्शक होत्या डॉक्टर जाधव. कित्येक पिढ्या बंगळुरात मुरलेलं मराठी घराणं. बोलता बोलता कन्नड कधी मिसळे, त्यांनाही कळत नसे. नर्सपासून लिफ्टवाल्यापर्यंत सगळे त्यांना अक्का म्हणत. पुण्याहून गेलेला मीही आठवड्याभरात म्हणू लागलो. प्रबंध हातात आला की त्या तो बाजूला ठेवायच्या आणि आधी अपात्रांची फाईल मागायच्या. "आत कोण बसलंय ते तू सांगशीलच. दाराबाहेर कोण राहिलं ते मला बघू दे."

माझी फाईल प्रबंधाहून जाड होती. त्यातला एक कागद त्यांनी उपसला. मारतहळ्ळीच्या एका ऑफिसात साफसफाई करणाऱ्या बाई. पाठ भरून आलीय, मळमळतंय, असं तेलुगूत सांगत होत्या. माझा शेरा: 'संबंधित नाही.' अक्कांनी केसपेपर मागवला. हार्ट अटॅक होता. बाई बाकावर कोसळल्या, तेव्हा कुठे ईसीजी निघाला. त्या वाचल्या, त्यात माझा काही हात नव्हता.

प्रबंध द्यायला महिना उरला होता आणि पुण्यातली नोकरी ठरलेली होती. मी गयावया केली. अभ्यासाच्या मर्यादांमध्ये एक ओळ घालतो म्हटलं. अक्का शांतपणे म्हणाल्या, "स्वल्प उशीर होईल. सरी, होऊ दे. पण ह्याच्यावर मी सही करणार नाही."

उशीर स्वल्प नव्हता, सहा महिन्यांचा होता. नोकरी गेली. कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू फॉर्म झाले आणि 'काय होतंय?' हा पहिलाच प्रश्न मोकळा सोडला. पहिल्या दिवशी एक आजी कन्नडमध्ये बराच वेळ बोलल्या आणि मी फॉर्मवर 'छातीत दुखत नाही' एवढंच लिहिलं. अक्का मागेच उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि दुभाषी म्हणून कँटीनमधल्या मावशींना शेजारी बसवलं.

नव्या आकड्यांनी माझा जुना निष्कर्ष उताणा पाडला. बायकांचा ईसीजी उशिरा निघत होता. ज्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, त्यांचा त्याहून उशिरा. विभागाने नियमच बदलला: मोठ्या माणसाची पाठ असो, जबडा असो की मळमळ, आधी ईसीजी, मग चौकशी.

निघायच्या दिवशी बांधलेला प्रबंध घेऊन गेलो. या वेळी त्यांनी तो पहिल्या पानापासून वाचला आणि चांगला झालाय म्हणाल्या. मी फुगलो. विचारलं, "अक्का, म्हणजे आता मला संशोधन जमतं म्हणायचं ना? कारण पुढे मी..."

"प्रबंधाला जमलं," त्या म्हणाल्या. "तुला अजून समोरच्याचं उत्तर येईपर्यंत गप्प बसता येत नाही."