चष्म्याच्या घरातला कापूस

विमान उडून तीन तास झाले तरी दादांनी चष्मा काढला नव्हता. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. घरी पेपर वाचून झाला की ते चष्मा त्याच्या घरात ठेवतात, ते घर बंडीच्या आतल्या खिशात ठेवतात आणि मगच डोळे मिटतात. मला आठवतं तेव्हापासून यात कधी खंड पडलेला नाही. आणि इथे हे गृहस्थ चष्म्यासकट खुशाल घोरत होते.

मी सेलूला शाळेत शिकवते. परीक्षांवर देखरेख करून करून मला एक खोड लागली आहे, कुणाचा हात कुठल्या खिशावर आहे तिकडे आधी लक्ष जातं. दादांचा उजवा हात झोपेतही बंडीच्या खिशावर होता.

"दादा, घर दाखवा बरं."

"कोणचं घर?" डोळे न उघडताच ते म्हणाले.

"चष्म्याचं."

"ऱ्हाऊ दे की. चष्मा डोळ्यावर हाय, घराची काय गरज?"

पलीकडे खिडकीशी बसलेली आई हसली, म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं. मी खिशात हात घालून ते घर काढलं आणि उघडलं. आत कोंबून बसवलेली कापसाची तीन बोंडं एकदम फुलून वर आली. एक तर दादांच्या मांडीवरच पडलं.

हा कापूस कुठला, ते मला लगेच कळलं. धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात असतो. त्याच्याकडे आम्ही तिघं दोन महिने राहून परत निघालो होतो. त्याने आम्हाला समुद्र दाखवला, कांगारू दाखवले, उंच इमारतीवरून सगळं शहर दाखवलं. दादा प्रत्येक ठिकाणी "छान हाय" म्हणून घड्याळ बघायचे. मग एका रविवारी त्याने चार तास गाडी चालवून आम्हाला कापसाच्या शेतांकडे नेलं आणि दादांचा चेहराच पालटला. नजर पोहोचेल तिथवर पांढरं. झाडावर पान म्हणून शिल्लक नाही, नुसती बोंडं. एक अगडबंब यंत्र वेचणी करत होतं आणि मागे गुलाबी प्लास्टिकात गुंडाळलेल्या गठाणी टाकत जात होतं.

"येवढ्या रानात एक बी माणूस न्हाई?" दादा म्हणाले. मग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उतरून ते पाठमोरे बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आमच्या गावचं, वालूरचं रान आठवलं असेल. आता कळलं की खिसा भरत होते.

पण मी चिडले तरी पुरती चिडू शकले नाही, कारण हे कुणासाठी चाललं होतं ते मला माहीत होतं. माझे काका, दादांचे थोरले भाऊ, उभा जन्म सेलूच्या कापूस बाजारात वावरलेले. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही हातांच्या बोटांनी ओढायचा, पुन्हा जुळवायचा, पुन्हा ओढायचा आणि अंगठ्याच्या नखावर तो धागा ठेवून सांगायचं, हा माल कुठल्या शिवारातला, दुसऱ्या वेचणीचा की तिसऱ्या. व्यापारी त्यांच्या नखाकडे बघत उभे राहायचे. काचबिंदूने त्यांचे डोळे गेले त्याला आता सहा वर्षं झाली. आम्ही निघालो त्या दिवशी त्यांनी दादांचा हात धरून सांगितलं होतं, "मला फोटू दावू नको, मला दिसत न्हाई. तिकडं कापूस असंल तर चिमूटभर आणून दे. हातात दे माझ्या."

"पण दादा, बाहेरदेशचं बी असं आणता येत नाही," मी दबक्या आवाजात म्हटलं. "त्यातून कीड येते, रोग येतो. तुम्ही बोंडअळीला शिव्या घालता ना?"

बोंडअळीचं नाव काढल्यावर दादा नरमले. शेतकऱ्याला कायद्याची भीती घालून उपयोग नसतो, अळीची घालावी. मांडीवरचं बोंड उचलून ते म्हणाले, "मंग सरकी काढू. सरकी इमानतळावरच्या सायबांना देऊन टाकू. रुई तर ऱ्हाईल?"

आम्ही जेवणाचा ट्रे ठेवायची पाटी खाली ओढली आणि समुद्रावर कुठेतरी, ढगांच्याही वर, बापलेक कापसातून सरकी काढत बसलो. लहानपणी आईच्या वातींसाठी मी हे काम ओसरीवर करायचे, पण हात विसरले नव्हते. सरकी चहाच्या रिकाम्या पेल्यात टपटप पडत होती. हवाई सुंदरी दोनदा पेला न्यायला आली. दोन्ही वेळा दादांनी तिला आपल्या दख्खनी हिंदीत सांगितलं, "नक्को बेटी, काम चालू है." तिला काय कळलं देव जाणे, पण तिसऱ्यांदा ती आली नाही.

सिंगापूरला विमान बदललं. रुई मी कागदी रुमालात गुंडाळून आईकडे दिली, सरकी पुडीत बांधून माझ्या पर्समध्ये ठेवली. हैदराबादला उतरल्यावर आपणहून सगळं दाखवायचं असं ठरलं. दादांचा जीव भांड्यात पडला, पण रुई भावाच्या हाती पडेपर्यंत चष्मा घरात ठेवणार नाही म्हणाले आणि पुन्हा चष्म्यासकट झोपले. डोळे मिटण्याआधी आईला तीनदा बजावलं, "भावाची अमानत हाय ती." माझाही डोळा लागला. इथेच चूक झाली.

आईचा लाख वातींचा नेम चालू आहे. तिचे हात रिकामे राहत नाहीत. ऑस्ट्रेलियाला जाताना नेलेला पिशवीभर कापूस तीन आठवड्यांत संपला. भावाने औषधाच्या दुकानातून गुंडाळी आणून दिली, तर म्हणाली, "ह्याला जीव न्हाई." पुढचे पाच आठवडे हात मांडीवर ठेवून बसली आणि सगळ्यांच्या चुका काढत राहिली. अशा बाईच्या हातात मी स्वच्छ पिंजलेली रुई देऊन झोपले होते.

जाग आली तेव्हा आई मांडीवर पदर पसरून बसली होती. चहाबरोबर आलेली दुधाची इवली डबी तिने उघडून ठेवली होती, त्यात बोट बुडवायचं आणि मांडीवर वात वळायची. समोरच्या पाटीवर वाती ओळीने निजवलेल्या. रुमालात रुईचा कणही उरला नव्हता.

दादा जागे झाले, त्यांनी वाती पाहिल्या आणि रिकामा रुमाल उलटून झटकून बघितला.

"आवो, हात आपसूक चालले," आई म्हणाली. तिचाही चेहरा पडला होता. "ध्यानातच न्हाई आलं."

"आता भाऊ काय वात ओढून बघंल?" दादा एवढंच म्हणाले. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. हैदराबाद येईपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, आणि मध्ये बसून मी आधी एकावर, मग दुसरीवर, मग स्वतःवर रागावत होते. मला मनापासून वाईट वाटत होतं. नियम माझा, झोप माझी, आणि काकांच्या हाती काही नाही.

हैदराबादला तपासणीच्या टेबलाशी दादा माझ्याही पुढे जाऊन उभे राहिले. "साब, सरकी है."

अधिकारी तरुण होता. "क्या है, चचा?"

"कपास का बीज. गुनाह हुआ तो माफ करो. लाये, मगर छुपाये नै."

छुपाये नै! मी छताकडे बघितलं. अधिकाऱ्याने पुडी बाजूला ठेवली, आईच्या पिशवीत डोकावून पाहिलं आणि वाती उचलून विचारलं, "और ये?"

"दिव्याच्या वाती बाबा, देवाच्या," आईने मराठीतच सांगितलं. त्याने त्या उलटसुलट करून पाहिल्या, एखादी सरकी राहिली नाही ना ते बोटांनी चाचपलं आणि परत दिल्या. "ले जाओ, अम्मा."

हैदराबादहून रेल्वेने सेलू आणि सेलूहून वालूर. काका ओसरीत खुर्चीवर बसून होते. आमची चाहूल लागताच त्यांनी हात पुढे केला. विमान कसं होतं, पोरगा कसा आहे, काही विचारलं नाही. नुसता हात.

दादांनी त्या तळहातावर एक वात ठेवली आणि गुन्हा कबूल करावा तसं सगळं भराभर सांगून टाकलं. काका ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांनी वातीचं टोक चिमटीत धरलं आणि उलटा पीळ देत ती सावकाश उकलली.

"ह्याला दूध लावलंय," ते म्हणाले. आईने पदर तोंडाला लावला.

मग ते ओढायला लागले. ओढायचं, जुळवायचं, पुन्हा ओढायचं. धागा नखावर ठेवून दुसऱ्या अंगठ्याने लांबी चाचपली.

"लांब हाय," काका म्हणाले. "लय लांब. आपल्याकडं असा न्हाई. आन् हा यंत्राचा न्हाई, हातानं तोडलाय. काडीकचरा न्हाई."

"मीच तोडला, भाऊ," दादा म्हणाले.

"एक लाव बरं त्यातली," काकांनी आईला सांगितलं.

आईने देवापुढचं निरांजन आणलं, तुपात वात भिजवली आणि लावली.

"पेटली का?"

"पेटली," आई म्हणाली.

काकांनी तळहात ज्योतीवर धरला. ऊब लागेपर्यंत हळूहळू खाली आणला आणि थांबवला. चेहरा दादांच्या दिशेने वळवून म्हणाले, "दोन महिने सगळे सांगायलेत, तू दूर गेलायस, समुद्रापल्याड गेलायस. मला काय कळतंय? दूर म्हंजे किती दूर? आता कळलं. लय लांब जाऊन आलास की रं."

दादा रडत होते आणि ते लपवतही नव्हते. आई म्हणाली, "उरलेल्या वाती तुमच्याचकडं ऱ्हाऊ द्या, भावजी." लाखात तेवढ्या कमी पडल्या तर तिला चालणार होतं, आणि तिला ओळखणाऱ्याला याची किंमत कळेल.

मग दादांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, घरात ठेवला आणि ते घर बंडीच्या खिशात घातलं. पाच मिनिटांत भावाशेजारच्या खुर्चीवर त्यांचं घोरणं सुरू झालं.